म्वाना, ङ्वाना, शिआना: बांटू भाषांतलं 'मूल' हा एकच शब्द का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वाहिलीत मुलाला 'म्तोतो' म्हणतात आणि 'म्वाना'ही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूत 'उम्न्त्वाना', बोत्स्वानाकडच्या त्स्वानात 'ङ्वाना', केनियातल्या किकुयूत एकवचन 'म्वाना' पण अनेकवचन एकदम 'शिआना'. हे सगळे एकाच मुळातून आले का? नायजेरियातल्या इग्बो भाषेतला 'न्वा' यांच्यातच धरायचा का? आणि हे ठरवायचं कशावरून?

आधी उत्तर सांगून टाकतो. म्तोतो वेगळा. इग्बोचा न्वा या यादीत घेऊ नका. बाकी सगळे एकाच मुळाचे आहेत, शिआनासुद्धा; झुलूचा मात्र जरा आडवळणाने. 'ऐकायला सारखे वाटतात' हा मात्र पुरावा होत नाही. ऐकायला सारखे वाटणारे शब्द जगात पैशाला पासरी मिळतात. तुलनात्मक भाषाशास्त्र शिकवताना मी बांटूचा विषय याच शब्दापासून काढतो, कारण यात मूळ जवळपास कुठेच बदललेलं नाही. जो काही गोंधळ दिसतो तो उपसर्ग आणि मूळ जिथे जुळतात त्या सांध्यात आहे. तो सांधा उलगडला की निम्मं बांटू व्याकरण हाती लागतं.

लेखनाबद्दल एक सूचना. खाली 'व' म्हणजे दोन्ही ओठ गोल करून काढलेला, 'व्ह' म्हणजे दात ओठाला लावून किंवा ओठ घासून काढलेला. 'ङ' म्हणजे 'वाङ्मय'मधला. हा फरक पुढे लागणार आहे.

बांटू भाषा सुमारे ५०० आहेत. कॅमेरूनपासून पूर्वेला केनियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या टोकापर्यंत त्यांचा पसारा. कॅमेरून आणि नायजेरियाच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातून साधारण चार-पाच हजार वर्षांपूर्वी हे लोक पसरायला लागले, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. 'बांटू' हे नाव विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने रूढ केलं. केपटाऊनला राहून लिहिलेल्या त्याच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला भाग १८६२ साली आला. 'न्तू' म्हणजे माणूस, 'बा' हा अनेकवचनाचा उपसर्ग, म्हणून बांटू म्हणजे 'माणसं'. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने हाच शब्द कृष्णवर्णीय लोकांवर शिक्क्यासारखा वापरला, त्यामुळे तिथे माणसांना 'बांटू' म्हणणं अपमानास्पद समजतात. भाषांपुरताच तो वापरावा.

आपण अनेकवचन करताना शब्दाची शेपटी बदलतो: मूल, मुलं. बांटू भाषा शब्दाचं तोंड बदलतात. स्वाहिलीत 'म्तोतो' एक, 'वातोतो' अनेक. हा उपसर्ग नुसता नामापुरता राहत नाही, अख्ख्या वाक्यात पसरतो. 'म्तोतो वांगु म्दोगो आनालाला' म्हणजे माझं लहान मूल झोपलंय. 'वातोतो वांगु वादोगो वानालाला' म्हणजे माझी लहान मुलं झोपलीयत. नाम बदललं तसं विशेषणाचं तोंड बदललं, क्रियापदाचंही बदललं. मराठी माणसाला यात अवघड काही नाही. 'माझं मूल', 'माझी मुलं' असं आपणही नामामागे सगळ्यांना फरफटत नेतोच. आपण नामांची वाटणी तीन लिंगांत करतो, ते दहा-बारा, कुठे त्याहूनही जास्त वर्गांत करतात आणि त्यात पुरुष-स्त्री हा भेद धरतच नाहीत. म्वाना मुलगा असेल, मुलगी असेल, शब्दावरून कळत नाही. वर्गांना आकडे द्यायची पद्धत ब्लीकपासूनची, पुढे कार्ल माइनहोफ या जर्मन अभ्यासकाने ती पक्की केली. माणसांचा वर्ग पहिला, त्याचं अनेकवचन दुसरा. हेच आकडे आजही चालतात.

आता सांधा. मूळ बांटू भाषेत, म्हणजे पुराव्यावरून मागे जाऊन उभ्या केलेल्या भाषेत, हा शब्द साधारण 'मु-याना' असा धरतात, अनेकवचन 'बा-याना'. मधला व्यंजन य होता की ज, यावर मतं आहेत. बहुतेक भाषांत तो दोन स्वरांच्या मध्ये सापडून गळून गेला. उरलं 'मु + आना' आणि 'बा + आना'.

इथून पुढचं तुम्हाला शाळेतच शिकवलेलं आहे. सु + आगत = स्वागत. उ आणि आ समोरासमोर आले की व येतो. तसंच मु + आना = म्वाना. आणि बा + आना म्हणजे दोन सजातीय स्वर, त्यांचा एकच दीर्घ आ: बाना. पाणिनीला मध्य आफ्रिकेत सोडलं असतं तरी या शब्दावर त्याला नवं सूत्र लिहावं लागलं नसतं! युगांडाच्या लुगांडा भाषेत हा दीर्घ आ आजही लिहून दाखवतात. शेजारच्या किन्यारवांडात तो उच्चारात आहे, लेखनात दाखवत नाहीत. दोन्हीकडे शब्द तोच: एकवचन 'ओम्वाना' किंवा 'उम्वाना', अनेकवचन 'अबाना'. सुरुवातीचा ओ, उ, अ हा उपसर्गाच्या आधी लागणारा जादा स्वर. झांबियाच्या बेम्बातही 'उम्वाना', 'अबाना'. काँगोत, लिंगाला आणि किकोंगो दोन्हींत, 'म्वाना', 'बाना'.

स्वाहिलीत अनेकवचन 'वाना', झिंबाब्वेच्या शोनात 'व्हाना', मलावीच्या चिचेवात नुसतं 'आना'. इथे माणूस बिचकतो. बा, वा, व्हा आणि काहीच नाही, हे एकच कसे? यासाठी मी विद्यार्थ्यांना एक साक्षीदार देतो: 'माणूस' हा शब्द. तोही त्याच वर्गातला, पण मूळ वेगळं. झुलूत माणसं म्हणजे 'अबान्तू', स्वाहिलीत 'वातू', शोनात 'व्हान्हू', चिचेवात 'अन्थू'. आता दोन्ही शब्द शेजारी ठेवा. जिथे माणसांना वा लागतो तिथे मुलांनाही वा, जिथे व्हा तिथे व्हा, जिथे माणसांचा ब गळाला तिथे मुलांचाही गळाला. म्हणजे बदल 'मूल' या शब्दात झालेलाच नाही. तो दुसऱ्या वर्गाच्या उपसर्गात झाला आणि त्या वर्गातल्या सगळ्या नामांना सारखा लागला. एखादा शब्द मुळाचा आहे की नाही हे त्याच्या दिसण्यावरून ठरत नाही. त्याच्या भाषेत इतर शब्दांनी जे नियम पाळले ते त्याने पाळले का, यावरून ठरतं.

आता ङ्वाना. हा सगळ्यात फसवा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. त्स्वाना, दक्षिण सोथो, उत्तर सोथो या तिन्ही भाषांत एकवचन 'ङ्वाना'. लेसोथो देशाच्या लेखनपद्धतीत यात डब्ल्यूच्या जागी ओ लिहितात, त्यामुळे शब्दकोशात तो वेगळाच शब्द वाटतो. उच्चार तोच. व्हेंडातही 'ङ्वाना', त्सोंगातही 'ङ्वाना'. माणूस मात्र त्स्वानात 'मोथो', म्हणजे पहिल्या वर्गाचा उपसर्ग तिथे 'मो' आहे. मग ङ्वानामध्ये म गेला कुठे?

चंद्र आणि वर्ष यांना विचारा. स्वाहिलीत चंद्र 'म्वेझी', त्स्वानात 'ङ्वेडी', व्हेंडात 'ङ्वेड्झी', त्सोंगात 'ङ्वेती'. स्वाहिलीत वर्ष 'म्वाका', त्स्वानात 'ङ्वाखा', व्हेंडात 'ङ्वाहा'. उत्तरेला जिथे 'म्व' तिथे या भाषांत ठरून 'ङ्व'. कारणही तोंडातच आहे. म आणि व दोघांनाही ओठ लागतात. व ने ओठ अडवले की म ला जागा उरत नाही, तो मागे सरकतो आणि घशाजवळचा अनुनासिक होतो. 'म्वाना' हळूहळू पुटपुटून पाहा, मधे कुठेतरी ङ्वाना ऐकू येईल.

हा नियम अजून जिवंत आहे, याचा पुरावा त्याच भाषांत सापडतो. उत्तर सोथोत तोंडाला 'मोलोमो' म्हणतात. त्याला लघुत्वाचा 'आना' प्रत्यय लावला की 'मोलोम्वाना' व्हायला हवं, होतं 'मोलोङ्वाना', म्हणजे चिमुकलं तोंड. शब्दाच्या सुरुवातीला जे घडलं तेच शेवटीही घडतंय. झुलूनेही ही म-व ची जोडी टाळली, पण वेगळ्या वाटेने: 'उम्लोमो'चं 'उम्लोन्याना' झालं, म चा न्य.

आणि अनेकवचन? त्स्वानात सरळ 'बाना'. 'बा'मध्ये उ नाही, म्हणून व नाही, म्हणून ङ नाही. ज्याने नुसतं एकवचन टिपून घेतलं त्याला ङ्वाना परका वाटेल. दोन्ही वचनं टिपून घेतली की शंकाच येत नाही. वाक्यातही तो पहिल्याच वर्गाची चाल चालतो. त्स्वानात म्हण आहे: 'ङ्वाना यो ओ सा लेलेंग ओ स्वेला थारिंग'. जे मूल रडत नाही ते झोळीतच मरतं. थारी म्हणजे मूल पाठीला बांधायचं कातडं. मूल रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, असं आपण म्हणतो, ते जरा सौम्य म्हणायचं. तर या म्हणीतले 'यो', 'ओ' हे पहिल्या वर्गाचे, म्हणजे 'मोथो'लाही लागणारे. अनेकवचन करा, 'बाना बा बा सा लेलेंग बा स्वेला…' असा बा सुरू होतो. ङ्वाना दिसायला कसाही असो, वाक्य त्याला ओळखतं.

झुलू आणि खोसा यांच्याकडे 'उम्वाना' नाही. तिथे शब्द 'उम्न्त्वाना', अनेकवचन 'अबान्त्वाना'. यात 'आना' आहे, पण मुळाच्या जागी नाही, शेपटीला आहे. मूळ आहे 'न्तू', माणूस. न्तू + आना, पुन्हा तीच स्वागतची संधी, न्त्वाना: छोटा माणूस. बांटूच्या दक्षिण भागात 'मूल' हा शब्द झिजून लघुत्वाचा प्रत्यय झालाय. झुलूत 'इंड्लू' घर, 'इंड्ल्वाना' लहानसं घर. 'इन्ताबा' डोंगर, 'इन्ताच्वाना' नव्हे, 'इन्ताचाना' टेकडी, ब चा च होऊन. त्स्वानात घर 'न्त्लो', त्याचं 'न्त्ल्वाना', पण जपून वापरा, आज त्याचा अर्थ संडास असा होतो. शोनात कुत्र्याचं पिल्लू 'इम्ब्वानाना'. मूल या अर्थाच्या शब्दाचा 'लहान' असा प्रत्यय होणं ही आफ्रिकेत नवलाची गोष्ट नाही. बांटूबाहेरच्या एवे भाषेतही 'व्ही' म्हणजे मूल आणि तोच लघुत्वाचा प्रत्यय.

म्हणजे झुलूत मूळ 'आना' नामाच्या जागेवरून उठला आणि प्रत्ययाच्या जागी जाऊन बसला. मग उम्न्त्वानाला म्वानाचा भाऊ म्हणायचं का? मी 'हो, पण सख्खा नव्हे' असं उत्तर देतो. 'आना' तोच, घडण वेगळी. तक्ता करत असाल तर झुलूचा शब्द वेगळ्या रंगात लिहा, बाकीच्यांच्या रांगेत तसाच घुसडू नका. बऱ्याच तक्त्यांत ही घुसडाघुसडी दिसते.

किकुयूकडे येऊ. एकवचन 'म्वाना', यात काहीच अडचण नाही. किकुयूत माणसं म्हणजे 'अन्डू'. दुसऱ्या वर्गाचा ब तिथेही गळाला, त्यामुळे मुलं 'आना' व्हायला हवी होती. आहेत 'शिआना'. हा ध्वनिबदल नव्हे. शब्दाने वर्ग बदलला. 'शि' हा आठव्या वर्गाचा उपसर्ग, जिथे एरवी वस्तूंची अनेकवचनं राहतात. 'माझी मुलं' म्हणतानाही 'शिआना शिआक्वा', पूर्ण वाक्य आठव्या वर्गात जातं. शेजारच्या काम्बा भाषेतही 'म्वाना'चं अनेकवचन 'स्याना'. दोघी शेजारणींत एकच लकब.

मुलांना वस्तूंच्या रांगेत बसवतात म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे माणूस पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि मूल, पोर, लेकरू, पिल्लू, कोकरू, वासरू, करडू सगळी नपुंसकलिंगी. लहान जीव व्याकरणात मोठ्यांपासून वेगळा बसवायचा, ही ओढ दोन्हीकडे आहे. किकुयूत तर तान्ह्या बाळासाठी आणखी एक जोडी आहे: 'काना' आणि 'त्वाना', लघुत्वाच्या बाराव्या-तेराव्या वर्गातली. चिचेवात तशीच 'काम्वाना' आणि 'तिआना'. किन्यारवांडातही ती आहे. उत्तरेकडे लहानपण तोंडाला लागतं, दक्षिणेला शेपटीला, शोना मधोमध बसून दोन्ही वापरते.

पश्चिमेकडे मी फार रेंगाळत नाही, पण तिथेही मूळ ओळखू येतं. कॅमेरूनच्या डुआलात 'मुना', 'बाना'. बासात 'मान', 'बोन', तिथे शेवटचा स्वरही गेला. त्या भागातल्या बऱ्याच भाषा शब्द असे कापत नेतात. अंगोलाच्या किम्बुंदूत 'मोना', 'आना': उ आणि आ यांचा व न होता ओ झाला, म्हणजे यण् संधीऐवजी गुणासारखं काहीतरी. त्याच देशातल्या उम्बुंदूत 'ओमोला', 'ओमाला', नाकातल्या स्वरासह. न चा ल झाला, पण त्याचा अनुनासिकपणा स्वराला चिकटून राहिला. या दोन भाषांची नावं इतकी सारखी आहेत की अभ्यासकही गफलत करतात. यादी कुठून घेताय ते तपासून घ्या.

आता म्तोतो. लुगांडा आणि किन्यारवांडात 'तो' हे विशेषण आहे, कोवळं, लहान वयाचं. किन्यारवांडात 'उम्वाना मुतो' म्हणजे लहान मूल. स्वाहिलीचा 'तोतो' ही त्याच 'तो'ची द्विरुक्ती असावी, असं माझं मत आहे. म्हणजे म्तोतो हा वयाचा शब्द. म्वाना हा नात्याचा शब्द: कुणाचं तरी अपत्य. हा फरक स्वाहिलीचं व्याकरणच दाखवून देतं. 'माझं मूल' म्हणताना म्तोतोला 'वांगु' सुटा लागतो: 'म्तोतो वांगु'. म्वानाला तो चिकटतो: 'म्वानांगु' माझं, 'म्वानाओ' तुझं, 'म्वानावे' त्याचं किंवा तिचं, 'म्वानेतु' आमचं. असं चिकटणं स्वाहिलीत मुख्यतः आई, बाप, भाऊबंद, सोबती अशा जवळच्या माणसांच्या शब्दांतच चालतं: 'बाबांगु' माझे बाबा, 'मामांगु' माझी आई. झुलूतही 'उम्न्त्वाना वामी' असं न म्हणता 'उम्न्तानामी' म्हणतात, माझं लेकरू. नातं जवळचं असलं की शब्दसुद्धा अंतर ठेवत नाहीत.

हा फरक अगदी काटेकोर आहे असं मात्र नाही. बोलताना 'म्तोतो वा अली', अलीचं पोर, असंही सर्रास म्हणतात. म्हणींतही दोन्ही चालतात. 'म्तोतो उम्लेआव्ह्यो न्दिव्ह्यो आकुआव्ह्यो', मूल जसं वाढवाल तसं वाढेल, ही म्हण कुणी 'म्वाना' घालूनही म्हणतं. म्वाना आता थोडा जुना, थोडा भारदस्त वाटतो. किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत तो घरंदाज बायकांच्या नावापुढे मानानेही लावत. १९व्या शतकातली कवयित्री म्वाना कुपोना हे त्यातलंच एक नाव. आजही म्वानाजुमा, म्वानाहामिसी अशी मुलींची नावं किनाऱ्यावर भेटतात.

एकटा म्वाना मागे पडला तरी जोडशब्दांत त्याची चंगळ आहे. 'म्वानाफुन्झी' विद्यार्थी, 'म्वानाशेरिआ' वकील, 'म्वानासिआसा' राजकारणी, 'म्वानाजेशी' सैनिक, 'म्वानाचामा' संघटनेचा सदस्य, 'म्वानाअंगा' अंतराळवीर, आणि 'म्वानासेसेरे' म्हणजे बाहुली. यातले कितीतरी शब्द २०व्या शतकात घडवले गेले. 'म्वानान्ची' म्हणजे नागरिक. 'न्ची' म्हणजे देश, जमीन. आपला 'भूमिपुत्र' याच साच्यातला, फक्त आपल्याकडे पुत्र येतो आणि लेकी बाहेर राहतात, म्वानामध्ये दोघंही मावतात. अनेकवचनात गंमत पाहा: 'वानाफुन्झी', 'वानान्ची' यांत फक्त म्वानाचं तोंड बदलतं. पण 'म्वानाम्के', बाई, याचं अनेकवचन 'वानावाके'. तिथे दुसरा तुकडा 'म्के' हाही माणसांच्या वर्गातला, म्हणून दोन्ही तुकडे बदलतात. नवशिके इथे हमखास अडखळतात.

'किजाना', तरुण, हा शब्दही लक्षात ठेवा. 'कि' उपसर्ग आणि पुढे 'जाना'. इतर ठिकाणी गळालेलं ते मुळातलं व्यंजन इथे टिकलं, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर म्वाना आणि किजाना एकाच घरातले, आणि एकाच भाषेत मुळाची दोन वयं सापडतात.

तोंडाला 'म्व' असलं की म्वाना, असं मात्र समजू नका. 'म्वान्झो' सुरुवात, हा 'आन्झा' म्हणजे सुरू करणे या धातूवरून. 'म्वांगा' उजेड, 'म्वान्या' फट. यांचा मुलांशी संबंध नाही, आणि अनेकवचन करून पाहिलं की ते माणसांच्या वर्गात बसत नाहीत. 'म्वेन्ये', मालक किंवा बाळगणारा, हा माणसांच्या वर्गातला आहे, पण मूळ निराळं.

उसने शब्द वेगळे ओळखू येतात तेही वर्गावरूनच. आपली 'गाडी' हिंदी महासागर ओलांडून स्वाहिलीत गेली, 'गारी' झाली. तिचं अनेकवचन 'मागारी'. एकवचनाला उपसर्ग नाही, अनेकवचनाला 'मा': पाहुण्या शब्दांना स्वाहिली बऱ्याचदा याच वर्गात उतरवते. म्वानाचं तसं नाही, तो बांटू भाषांत घरचा आहे. मूल, माणूस, चंद्र, पाणी असे शब्द सहसा कुणी उसने घेत नाही, म्हणून तुलनेला तेच धरतात.

मग इग्बोचा 'न्वा'? त्याचाही उच्चार जवळपास 'ङ्वा'. त्स्वानाचा ङ्वाना शेजारी ठेवला की मोह होतोच. पण वर पाहिलं त्याप्रमाणे त्स्वानातला ङ हा मागाहून, दक्षिणेत, म ची जागा सरकून आला. त्याच्या मागे म्वाना आहे. इग्बोचा शब्द जोडायचा असेल तर तो 'मु-याना'शी जोडून दाखवावा लागेल, ङ्वानाशी नाही. आणि त्स्वानातला म तर उपसर्गाचा आहे, मुळाचा नाहीच. इग्बो आणि बांटू दोन्ही नायजर-काँगो या मोठ्या कुळातल्या, तेव्हा फार मागे जाऊन काही नातं निघू शकतं. पण ते या दोन रूपांच्या सारखेपणावरून सिद्ध होत नाही. मुंबईच्या माणसाला दोन चेहरे सारखे दिसले म्हणून सात-बारावर दोघांचं नाव चढत नाही.

तुम्हाला स्वतः पडताळा घ्यायचा असेल, आणि नैरोबी, दारेसलाम, कंपाला इथल्या मराठी-गोंयकार मंडळींना तो घरबसल्या घेता येतो, तर ओळखीच्या माणसाला 'तुमच्या भाषेत मुलाला काय म्हणतात' एवढंच विचारू नका. शहरात अशा प्रश्नाला बऱ्याचदा स्वाहिली म्तोतोच उत्तर मिळतं, घरची भाषा लुओ असो की किकुयू. (लुओ तर बांटूच नाही, तीही यादी बिघडवते.) वाक्यं विचारा. एक मूल रडतंय. दोन मुलं रडतायत. हे माझं मूल. ती त्याची मुलं. तान्हं बाळ झोपलंय. आणि त्याच बैठकीत एक माणूस आला, दोन माणसं आली, हेही टिपून घ्या. चंद्र विचारा. म्हणजे उपसर्ग, चिकटणारं 'माझं', लघुत्वाची जोडी आणि साक्षीदार, सगळं एका कागदावर येतं. स्वर लांब ऐकू आला तर तसं लिहा, 'अबाना'तला आ लांब आहे हे कानानेच कळतं, लुगांडा सोडली तर छापील शब्दकोश बहुधा दाखवत नाहीत.

पुढे वाचायचं असेल तर माइनहोफचा १८९९ सालचा ध्वनिविचार आणि ब्रिटिश अभ्यासक माल्कम गथ्री यांचे १९६७ ते १९७१ दरम्यान निघालेले चार खंड हे पाया आहेत. गथ्रीने बांटू प्रदेशाला इंग्रजी अक्षरांचे विभाग पाडले, त्यामुळे 'डुआला ए विभागात, झुलू एस विभागात' अशी भाषा अभ्यासकांच्या तोंडी ऐकू येते. ते विभाग मुख्यतः भूगोलाच्या सोयीचे आहेत, वंशावळ म्हणून वाचायचे नाहीत. बेल्जियममधल्या टेर्व्हूरेन संग्रहालयाने पुनर्रचित मुळांची मोठी सूची केली आहे. तिच्यात हे मूळ पहिला स्वर वरच्या सुरात, दुसरा खालच्या सुरात असं नोंदलेलं सापडेल. स्वाहिलीत सूर उरले नाहीत, तेव्हा सुरांचा पडताळा घ्यायला लुगांडा किंवा शोना बोलणारा माणूस गाठा.